जागणे

मालवणी माणूस दिलेल्या शब्दाक जागता, खाल्लल्या मिठाक जागता. घाट चढून वर गेलं की ‘क’च्या जागी ‘ला’ येतो, क्रियापद तेच राहतं. शब्दाला जागणे, मिठाला जागणे, उपकाराला जागणे, नावाला जागणे. एखाद्या माणसाला, घराण्याला किंवा विचाराला धरून राहणं सांगायला मराठीनं झोपेच्या शेजारचं क्रियापद उचललं, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे. मूळ धातू संस्कृतातला ‘जागृ’. अर्थ साधा: डोळा न मिटणं. आजाऱ्याच्या उशाशी जागतात, जत्रेला दशावतार बघत जागतात. जुन्या गावगाड्यात ‘जागल्या’ असे. गाव झोपलं की त्याचं काम सुरू होई.

हिंदीत नमकाचा हक ‘अदा’ करतात. अदा केलेली गोष्ट फिटते आणि हिशेब मिटतो. जागणं असं एका बैठकीत उरकत नाही. आजची रात्र काढली तरी उद्याची शिल्लक असतेच. माणसं एखाद्या पुढाऱ्याला किंवा कार्याला वर्षानुवर्षं का धरून राहतात, हा प्रश्न डोक्यात आला की मी या क्रियापदापाशी येतो. आमच्या किनाऱ्यावर ते रोजच्या बोलण्यात आहे आणि त्याच्या अवतीभवतीचे आणखी चारपाच शब्द त्याच वाटेनं चालताना दिसतात.

सभेत आणि पत्रकात मात्र ‘जागणे’ क्वचित येतं. तिथं मान ‘निष्ठे’चा. ‘नि’ आणि ‘स्था’ मिळून हा शब्द झाला. घट्ट उभं राहणं हा त्याचा गाभा. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञानाची आणि कर्माची अशा दोन निष्ठा सांगितल्या आहेत. तिथं निष्ठा म्हणजे जगण्याची बैठक. कुणाच्या मागून जाण्याचा संबंध नाही. पाणिनीनं तर या शब्दाला व्याकरणात खास काम दिलं. ‘गत’, ‘कृत’, ‘कृतवत्’ ही रूपं ज्या दोन प्रत्ययांनी होतात, त्या प्रत्ययांचं नाव निष्ठा. क्रिया पुरी झाली हे सांगणारे ते प्रत्यय. म्हणजे जुन्या संस्कृतात निष्ठेला तडीस जाण्याचाही अर्थ होता. काम शेवटाला गेलं की निष्ठा दिसायची. आपण ती आधी लिहून मागतो. २०२२ साली शिवसेना फुटली तेव्हा पदाधिकाऱ्यांकडून निष्ठेची प्रतिज्ञापत्रं भरून घेतली गेली, ‘निष्ठा यात्रा’ निघाली, आणि ‘गद्दार’ हा अरबी शब्द गावोगावच्या लहान पोरांनाही पाठ झाला. माणूस आज कुठं उभा आहे एवढं प्रतिज्ञापत्रावर लिहिता येतं. त्यापुढचं कुठल्याच कागदावर लिहिता येत नाही, आणि लिहून घेण्याची वेळ आली याचं दुःख दोन्ही बाजूंच्या साध्या कार्यकर्त्यांना किती झालं ते मी जवळून पाहिलं आहे. चहाच्या टपरीवर एका बाकावर बसणारी माणसं त्या पावसाळ्यात वेगवेगळ्या टपऱ्यांवर बसू लागली.

‘इमान’ अरबीतून आला. अलिफ, मीम, नून ही त्याची मूळ अक्षरं, आणि अर्थ सुरक्षितपणाचा, भरवशाचा. ज्याच्यापाशी जीव सुरक्षित वाटतो त्याच्यावर विश्वास बसतो, असा तो प्रवास आहे. अरबीत इमान मुख्यतः देवावरचं. मराठीत ते माणसामाणसांतलं झालं. प्रार्थनेच्या शेवटी ख्रिस्ती लोक म्हणतात ते ‘आमेन’ हिब्रूतलं, याच कुळातलं. ‘अमानत’ही याच घरची, आणि मराठीत तिची अक्षरं जागा बदलून ‘अनामत’ झाली. निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार अनामत भरतो. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. इमान आणि अनामत एकाच मुळाचे शब्द आहेत हे लक्षात आलं, की ‘अनामत जप्त’ ही बातमी निराळीच वाटते. लोकांनी ठेव म्हणून काही सोपवावं असा भरवसा त्या माणसाविषयी वाटला नाही, एवढंच ती सांगते.

इंग्रजांचा ‘लॉयल’ आमच्याकडेही पोचला आहे. त्याचं कूळ कायद्याचं. लॅटिनमधल्या कायद्याच्या एकाच शब्दाची दोन पोरं: एक सरळ आलं ते ‘लीगल’, दुसरं फ्रेंचांच्या घरी वाढून आलं ते ‘लॉयल’. धन्याशी केलेला करार पाळणारा तो लॉयल. मराठी जागण्यात करार नसतो. उलट बाजूचा आपला शब्द मात्र जागण्याशी नेमका जुळतो. ‘फितूर’ हा मूळ अरबी; तिथं त्याचा अर्थ शैथिल्य, मरगळ, अंग ढिलं पडणं. मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ शत्रूला मिळणं इतका काळा झाला. पण बखरींतल्या किल्ल्यांवरच्या फितुऱ्या आठवा. दरवाजा उघडणारा एखादाच असतो. बाकीचे पहाऱ्यावर असून नसल्यासारखे असतात. आधी मरगळ येते, दरवाजा मागाहून उघडतो.

आता आरवलीला येऊ. वेंगुर्ले तालुक्यातलं हे गाव शिरोड्याला लागून आहे. श्रीदेव वेतोबा इथला राखणदार. मूर्ती उभी, माणसापेक्षा उंच, आणि समोर चपलांच्या जोडांची रांग. नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला आणतात. चपला कुठल्याही माणसाच्या पायाला येणार नाहीत अशा मापाच्या, जाड तळाच्या, हातानं शिवलेल्या. रात्री गाव झोपलं की वेतोबा या चपला घालून शिवेवरून फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. मी गेलो तेव्हा एका वयस्क गृहस्थांनी एक जोड उलटा करून माझ्यासमोर धरला. टाचेच्या बाजूला चामडं गुळगुळीत होऊन कड खाली उतरली होती. त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “टाच बघा कितकी झिजली हा.” आवाजात भाबडेपणा नव्हता, शेजारच्या कष्टाळू माणसाबद्दल बोलावं तशी आपुलकी होती.

इथं जागण्याची दिशा उलटी आहे, आणि माझ्या मते हीच खरी दिशा. देवस्थान आधी ‘जागृत’ असतं, मग भक्त त्याला जागतो. ‘अनुयायी’ म्हणजे मागून चालणारा. मागून चालायला पुढे कुणीतरी चालत असावं लागतं, आणि त्याच्या चपलेची झीज दिसावी लागते. दैवत सोन्याच्या मखरात बसून राहिलं असतं तर आरवलीकरांनी त्याला दागिने वाहिले असते. चपला वाहिल्या त्या त्याच्या फिरण्यावरच्या विश्वासानं.

मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाला सुरुवात झाली. किल्ल्यात राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, तिथं नित्य पूजा होते. पण होडीतून उतरलेला माणूस आधी विचारतो ते ठशांबद्दल. तटावर चुन्यात एक हात आणि एक पाऊल उमटलं आहे. ते शिवाजी महाराजांचं मानतात. तट बांधला जात असताना, चुना ओला असताना, हा माणूस इथं स्वतः उभा होता, एवढंच तो ठसा सांगतो. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. मालवणात ते नाव एकाही घरात टिकलं नाही.

पण माणसं जागतात ती मुकाट्यानं जागतात असं समजू नये. सिंधुदुर्गात देवासमोर प्रार्थना करत नाहीत, गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं हे संस्कृत ‘गर्हणा’वरून आलं, आणि गर्हणा म्हणजे निंदा, दोष देणं. मानकरी किंवा गावातला जाणता हात जोडून सुरू करतो, गावाची अडीअडचण, कुणाच्या पोराची नोकरी, कुणाच्या घरातलं आजारपण एकेक करून देवाच्या पदरात टाकतो, आणि प्रत्येक वाक्यागणिक जमलेला जमाव एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणतो. ‘महाराजा’ म्हणून हाक मारायची आणि त्याच तोंडानं तक्रार सांगायची. हुकूम ऐकणाऱ्याची ही भाषा नव्हे. आपल्या माणसाकडे हक्कानं मागणाऱ्याची आहे. गोव्यातही गाराणं असंच घालतात. ज्या दैवताला गाऱ्हाणं घालता येत नाही, ते दूरचं. नमस्कार करून पुढे जायचं.

जर्मनीत जन्मलेला अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यानं १९७० साली एक छोटं पुस्तक लिहिलं, ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. आपलेपणा असेल तर माणूस जाणं लांबवतो आणि तोवर बोलत राहतो, म्हणून संस्थेला सुधारायला अवधी मिळतो. हे वाचताना मला गाऱ्हाणंच आठवलं. निघून जाण्याची वाट तर या जिल्ह्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. घरटी एखादा तरी मुंबईला, गिरणीत, गोदीत, खानावळीत, कचेरीत. त्याला नाव पडलं चाकरमानी. ‘चाकर’ फारसीतला, पगारावर राबणारा. पण चाकरी जिथं केली त्या धन्याच्या नावानं चाकरमानी ओळखला गेला नाही. मनीऑर्डर गावाला आली आणि गणपतीला, शिमग्याला तो स्वतः आला. गाऱ्हाण्याच्या वेळी तो गर्दीत उभा असतो आणि “व्हय म्हाराजा”त त्याचा आवाज सर्वांत मोठा असतो. पोट जिथं भरतं तिथंच माणूस चिकटतो, असं म्हणणाऱ्यांनी चतुर्थीच्या आदल्या दिवशी कणकवलीच्या स्थानकावर उभं राहून पाहावं.

गाऱ्हाण्यानंतर कौल. हा शब्द अरबी ‘कौल’च आहे, जसाच्या तसा, अर्थ बोल, वचन. कव्वाली त्याच मुळाची. मराठी दफ्तरांत कौलनामे ढिगानं सापडतात. लढायांनी, दुष्काळानं किंवा जुलमानं रयत गाव सोडून परागंदा झाली की सरकार तिला कौल देई: या, जमीन कसा, पहिली वर्षं वसूल कमी घेऊ, पुढे टप्प्याटप्प्यानं वाढवू. वेढ्यात सापडलेले किल्लेकरीही खाली उतरण्याआधी जिवाचा कौल मागत. म्हणजे कौल वरून खाली यायचा. सत्ता शब्द देई, रयत त्यावर विसंबून परत येई. शब्द मोडला तर रयत पुन्हा उठून जाई, आणि पडीक जमीन हाच सत्तेचा दंड.

आमच्या देवळांत हाच शब्द पाषाणापाशी गेला. ओल्या कळ्या किंवा तांदूळ मूर्तीला चिकटवतात आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडचं आधी सुटलं तर उजवा कौल, डावीकडचं सुटलं तर डावा. लग्न ठरवावं का, विहीर कुठं खणावी, जत्रा कधी, सगळं कौलावर. इथंही वचन वरून येतं. निवडणुका आल्या तेव्हा वर्तमानपत्रांना निकालासाठी शब्द हवा होता, त्यांनी ‘जनतेचा कौल’ लिहायला सुरुवात केली. एका शब्दाची दिशा पूर्ण फिरली. ज्या रयतेला कौल मिळायचा, ती आता कौल देणारी झाली. मराठी भाषेनं लोकशाहीची नोंद किती शांतपणे करून ठेवली आहे पाहा.

मधेच ‘सावंत’ या शब्दाविषयी बोलायला हवं, कारण इथं दर दोन घरांआड सावंत भेटतो आणि संस्थानाचं नावही सावंतवाडी. मूळ शब्द ‘सामन्त’. जुन्या संस्कृतात त्याचा अर्थ शेजारचा, सीमेला लागून असलेला. शेजारचा राजा तो सामंत. पुढे बलाढ्य राजाचा मांडलिक असा अर्थ आला, आणि उच्चार झिजून सावंत झाला. सतराव्या शतकात वाडीचे सावंत कधी विजापूरकरांकडे, कधी शिवाजी महाराजांकडे, कधी पोर्तुगीजांकडे झुकले. शाळेच्या पुस्तकात अशांवर शिक्का पटकन बसतो. मला तो शिक्का अन्यायाचा वाटतो. तीन सत्तांच्या कडेला ज्याचं घर आहे, त्याचा शब्दच मुळी ‘शेजारी’ असा आहे. शेजाऱ्याला पहिली काळजी आपल्या कुंपणाची. ज्या सत्तेनं दिलेला कौल पाळला तिच्याकडे तो राहिला, आणि कौल मोडला की फिरला. महाराजांच्या मावळ्यांचं मोठेपण समजायला हा ताळा उपयोगी पडतो. वतनाच्या आशेनं सामील होणारे त्या काळी चहूकडे होते. वतन कुठं मिळेल याचा हिशेब बाजूला ठेवून लढणारी माणसं तयार होणं ही त्या काळातली नवी गोष्ट होती.

कौलाच्या वाटेनं मी नाथ पैंकडे येतो. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेला हा बॅरिस्टर १९५७ साली प्रजासमाजवादी पक्षाचा उमेदवार म्हणून राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेला, १९६२ आणि १९६७ सालीही गेला. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचं निधन झालं, वय अठ्ठेचाळीस. त्यांच्यानंतर मधु दंडवते आले. ते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. कोकणात ना भाऊबंदकी, ना जमीन, ना देवस्थानाचा मान. १९७१ साली देशभर इंदिरा गांधींची लाट होती आणि प्रजासमाजवाद्यांचे लोकसभेत दोनच खासदार उरले. त्यांतला एक राजापूरचा. १९८४ साली काँग्रेसला चारशेहून जास्त जागा मिळाल्या, तेव्हाही राजापूरनं दंडवत्यांनाच पाठवलं. सलग पाच वेळा. नाथ पै आणि दंडवते मिळून १९५७ ते १९९१, चौतीस वर्षं.

या चौतीस वर्षांत फार थोडा काळ सोडला तर हे दोघे विरोधी बाकांवर होते. मीठ त्यांच्या हातात नव्हतंच. परवाने, कंत्राटं, कारखाने, यातलं काही देण्याच्या स्थितीत ते नव्हते. तरी लोक त्यांना का जागले? माझ्या आधीच्या पिढीतल्या माणसांना विचारलं की उत्तर फार साधं येतं. बॅरिस्टर वाडीवर यायचे, खळ्यात बसायचे, आणि इथलं गाऱ्हाणं दिल्लीत जसंच्या तसं घालायचे. इथं शाळेची पायरी न चढलेली म्हातारीही “आमचो नाथ” म्हणायची. लोकसभेतल्या त्यांच्या वक्तृत्वाची ख्याती देशभर होती, पण म्हातारीला त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं. तिला एवढं कळत होतं की हा माणूस तिथं तिच्यासाठी जागा आहे. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या त्यांनी बसवायला सुरुवात केली. रात्रभर फळीवर अंग मोडत जाणारा प्रवासी कोण असतो हे ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्यालाच असं सुचतं. त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात रूळ पोचलेला नव्हता. मालवणात बॅ. नाथ पै सेवांगण आजही चालतं.

१९९१ साली दंडवते हरले. आदल्याच वर्षी कोकण रेल्वेचं महामंडळ स्थापन झालं होतं, आणि रेल्वेसाठी त्यांनी किती वर्षं घासली हे सगळ्यांना माहीत होतं. रेल्वे पूर्ण होऊन २६ जानेवारी १९९८ रोजी सगळ्या मार्गावर धावू लागली. या पराभवाला कृतघ्नपणा म्हणणारे मला भेटले आहेत. मला ते पटत नाही, आणि पराभव बरोबर होता असंही वाटत नाही. त्याची हळहळ अजून आहे. पण कौल देणाऱ्यानं कौल दर वेळी नव्यानं द्यायचा असतो. मागच्या कौलाचं ओझं त्याच्यावर नसतं. चौतीस वर्षांत मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, संपात घरं उद्ध्वस्त झाली, चाकरमान्यांची दुसरी पिढी मोठी झाली. तिची गाऱ्हाणी वेगळी होती आणि ती ऐकणारी माणसं तिला दुसरीकडे दिसली. जागणं हे ऐकण्यावर उभं असतं, एकाच नावावर उभं नसतं, हे आम्हां समाजवादी घरांतल्या माणसांना गिळायला जड गेलं.

आता मीठ. ‘मिठाला जागणे’ यातलं मीठ कुणाचं? वाक्प्रचार गृहीत धरतो की मीठ धन्याचं, खाणारा चाकर. मुळात मराठीचा हा शब्दही विलक्षण आहे. संस्कृतात मीठ म्हणजे ‘लवण’, आणि त्याची खूण आपण ‘लोणचे’ आणि ‘अळणी’ यांत जपून ठेवली. पण खुद्द पदार्थाला आपण ‘मीठ’ म्हणू लागलो, म्हणजे प्राकृत ‘मिट्ठ’, रुचकर, गोड. गुजरातीनंही तेच केलं. जेवणाला चव देणारं ते मीठ, आणि चव देणाऱ्याचं देणं मोठं.

शिरोड्याची मिठागरं पाहिलेल्याला मात्र मीठ धन्याचं आहे असं वाटणं कठीण. भरतीला खाडीचं खारं पाणी उथळ वाफ्यांत घेतात, बांध घालून अडवतात, आणि पावसाळा येईपर्यंत ऊन त्याला आटवत राहतं. कडेपासून पांढरी साय धरते. बायाबापे उघड्या पायांनी त्या खाऱ्या चिखलात उतरतात, लाकडी फळीनं मीठ ओढून बांधावर ढीग लावतात. पायांना भेगा पडतात, भेगांत मीठ जातं. समुद्र, ऊन आणि या माणसांचे पाय, यांतून मीठ होतं. सरकारचा यात हात कुठं होता? परवान्याच्या कागदावर आणि कराच्या पावतीवर.

मे १९३० मध्ये याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. दांडीनंतर महिन्याभरानं. शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालचा. वि. स. खांडेकर त्या काळात इथल्या शाळेत शिकवत होते. सत्याग्रही गावोगावाहून आले, मिठागरात उतरले, मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. या एका कृतीनं जुना वाक्प्रचार मुळापासून हलला. कोट्यवधी माणसं इंग्रज सरकारचं मीठ खात होती, म्हणजे वाक्प्रचाराच्या हिशेबानं सगळी बेइमान ठरली. पण मीठ सरकारचं कधी नव्हतंच, हे त्यांनी हातात घेऊन दाखवलं. जागायचं होतं ते मीठ पिकवणाऱ्याला.

या सत्याग्रहात पुढे होते अप्पासाहेब पटवर्धन. जन्म १८९४, कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेले. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथं मैला साफ करण्याचं काम विशिष्ट जातीच्या कैद्यांकडूनच करवून घेत. ते काम आपल्यालाही द्या, अशी मागणी त्यांनी केली. तुरुंगाच्या नियमात ते बसेना. त्यांनी अन्न कमी केलं, उपवास आरंभला. बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली आणि डिसेंबर १९३२ मध्ये पटवर्धनांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी स्वतः उपवास सुरू केला. आपण नेहमी धरून चालतो की निष्ठा खालून वर जाते. इथं अनुयायी पुढे गेला आणि नेता त्याच्या मागून चालला. नेता त्याच्या अनुयायाला जागला. पटवर्धन आयुष्यभर या कामाला का चिकटून राहिले याचं उत्तर शोधायला मला या प्रसंगापलीकडे जावं लागत नाही.

जानेवारी १९४८ मध्ये गांधीजी गेले. त्याच वर्षी पटवर्धनांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला. मेलेल्या जनावरांची कातडी सोडवणं आणि कमावणं, मैल्याचं खत करणं, ज्या कामांपासून गाव तोंड फिरवत होतं ती कामं तिथं सुरू झाली. उच्चवर्णीय घरांतून त्यांना विरोध झाला, टिंगल झाली. १९७१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते त्या कामात राहिले. खड्ड्यात मैला साठवून त्याचं सोनखत करणारा, डोक्यावरून मैला वाहायची गरज न ठेवणारा जो संडास त्यांनी बसवला, त्याला सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांत ‘गोपुरी संडास’ हेच नाव पडलं. आश्रमाचं नाव संडासाला मिळालं याचा पटवर्धनांना कधी संकोच वाटला नसणार.